नाटक पावणेदहाला संपतं

जवाबी कार्ड बुधवारी दुपारच्या टपालानं आलं. सत्यशीलानं ते शाळेच्या ओट्यावर उभ्यानं वाचलं, खाली बसून पुन्हा वाचलं, आणि ती तिसऱ्यांदा वाचायला लागली तोवर आत चौथीच्या पोरांनी पाढे सोडून दंगा सुरू केला होता. नागपूरच्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकानं दोन ओळींत कळवलं होतं: शनिवारचा प्रयोग सायंकाळी साडेसहाला सुरू होईल, पावणेदहाला संपेल.

पावणेदहाला!

मारेगावात नाटक सुरू व्हायचं ते जेवणंखाणं आटोपल्यावर, आणि कोंबडं आरवल्याशिवाय संपत नसे. बौद्धपुऱ्यातली नाटकमंडळी चालवणाऱ्या देवराव शिंप्यानं सगळी सहल त्यावरच आखली होती. शनिवारी वणीहून नागपूरची एस.टी. धरायची, घरच्या भाकरी खायच्या, रातभर नाटक पाहायचं आणि उजाडलं की स्टँडवरच्या नळावर तोंड धुऊन पहिल्या गाडीनं परत. मुक्कामाचा खर्चच नाही, म्हणून तर तिघांचं जाणं मंडळीच्या वर्गणीत बसत होतं. सत्यशीलाच्या वडलांनी, नागोरावांनी, होकार दिला तोही मुक्काम नाही म्हणूनच. "धर्मशाळेत पाय ठेवाचा नाई," एवढी एकच अट त्यांनी घातली होती.

हिवाळा सरला की वैशाख पौर्णिमेला मंडळीच्या नाटकात पहिल्यांदाच बाईचं काम बाई करणार होती, आणि ती बाई म्हणजे सत्यशीला. तिनं स्टेजवर बाई कधी पाहिलीच नव्हती. पाहिला होता तो मंडळीत बाईची कामं करणारा उकंडा, लुगडं नेसून मान वेळावणारा. तालमीत तिची मान आपोआप तशीच वेळावायची आणि देवराव ओरडायचा, "अवो, तो बाईची नक्कल करते, तू त्याची काहून करतं?" खरी नटी कशी उभी राहते, कशी बोलते, हे एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपल्याला ते काम जमणार नाही, हे तिला पक्कं कळून चुकलं होतं.

शाळा सुटताच ती जवळजवळ पळतच देवरावच्या दुकानात गेली. नागपूरला सोबत येणारा उकंडा तिथं काजं करत बसला होता.

"सव्वातीन घंट्यात नाटक?" उकंडानं कार्ड उलटून पाहिलं, जसं काही उरलेलं नाटक मागच्या बाजूला असेल. "एवढ्या टायमात त माही दाढीबी होत नाई."

"तुही दाढी म्हंजे एक अंकच हाय," देवराव म्हणाला. पण यंत्रावरचा त्याचा पाय थांबला होता. "आपल्यासारखंच तिकडंबी असन असं धरून चाललो. चुकलंच माहं." मग तो म्हणाला, "टेसनाजवळ धर्मशाळा हाय. चार-चार आणे लागतीन."

"बाबा नाई म्हणतीन, देवरावभाऊ."

"मंग सांगूच नको," उकंडा म्हणाला. "काकाले कुठं वाचता येते? टाक कार्ड चुलीत."

देवरावनं पुन्हा यंत्र सुरू केलं. तो उकंडाला रागावला नाही, हे सत्यशीलाला लागलं. आणि उकंडाचं बोलणं आपल्याला पटायला लागलंय, हे त्याहून जास्त लागलं.

ती सरळ घरी गेलीच नाही. विहिरीपर्यंत गेली, परत फिरली, पुन्हा गेली. सांगितलं तर नागपूर गेलं. न सांगितलं तर जाता येईल. पण मग नाटक बघताना सगळा वेळ घड्याळच दिसेल. कार्डावर वेळ विचारण्याची बुद्धी आपल्याला झालीच कशाला, असंही वाटून गेलं.

नागोराव जिनिंगमधून आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापसाचं भुस्कट होतं. तिनं त्यांना पायही धुऊ दिले नाहीत.

"बाबा, नाटक रातभर नाई चालत. पावणेदहाले संपते. मंग धर्मशाळेत राहा लागते."

"कोनं सांगतलं?"

"मीच कार्ड टाकून इचारलं होतं."

"कायले इचारलं, माय?" त्यांचा आवाज दुखावल्यासारखा झाला. "मालूम नसतं त गेली असतीस."

ते खाटेवर बसले. टाचेची माती खरवडू लागले.

"तुया मायले दवाखान्यात नेलतं वर्ध्याले," ते म्हणाले. "धर्मशाळेतल्या मुनीमानं जात इचारली. म्या भलतीच सांगतली. सांजच्याले तिथं वणीचा एक मानूस आला, त्यानं मले ओयखलं. वळकटी फेकली त्याईनं आंगणात. त्याचं काई नाई. पन म्या खोटं बोललो ते तुया मायनं आयकलं. मरेपर्यंत तिनं त्याचा इषय नाई काढला."

सत्यशीला खाटेसमोर येऊन उभी राहिली. मग ती म्हणाली, "मी खरं सांगीन."

"सांगशीन? घरी सगळेच सांगतेत." नागोराव एकदम ताठ बसले, मांडीवर नसलेली वही उघडली आणि तिच्याकडे न बघता खेकसले, "नाव?"

ती दचकली. "सत्यशीला नागोराव."

"जात?"

"बौद्ध."

"आयकू नाई आलं."

"बौद्ध!"

"म्हंजे पयलेचे कोन?"

हा प्रश्न येणार हे तिला सुचलंच नव्हतं. नागोरावांनी वहीतून मान वर केली नाही.

"पयलेचं सांगाची गरज नाई," ती म्हणाली. "जागा द्याची का नाई, तेवढं सांगा."

"अजून एक डाव."

तिनं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. शेजारच्या मथुराबाईनं कुडावरून डोकं काढलं. "काय झालं वो? कोन आलं?"

"मुनीम आला नागपूरचा," नागोराव म्हणाले, आणि लेकीकडे वळून म्हणाले, "मान खाली गेली तुही. पुन्हा."

तिसऱ्या वेळी मान खाली गेली नाही. नागोरावांनी वही मिटल्यासारखं केलं आणि पाय धुवायला उठले. रांजणापाशी पाठमोरेच म्हणाले,

"शनवारी माहं घोंगडं घेऊन जाजो. बाहेर काढलं त थंडी लय रायते तिकडं."