भिंतीमागची सांडशी

"आई, सदाशिव पेठेतला फ्लॅट आता नीट करून घ्यायचा. मी इंटिरियर डिझायनर पाठवतोय," अभिनवनं अमेरिकेहून फोनवर फर्मान काढलं. आयटीत गेलेल्या मुलांना आपण वाढलो ते घर एकाएकी अंधारं वाटू लागतं, त्याला इलाज नाही.

डिझायनर उत्कर्षा टेप घेऊन आली आणि हॉल व स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीवर तिनं हात ठेवला. "काकू, ही पाडायची. ओपन किचन केलं की घरात संवाद वाढतो."

"संवाद आहे," यमुनाबाई म्हणाल्या. "वाढवायचा नाहीये."

खरी अडचण तिला सांगण्यासारखी नव्हती. बत्तीस वर्षं त्या भिंतीच्या जिवावर संसार चालला होता. पाहुणा आला की ज्ञानदेवराव आत हाक मारत, "अगं, चहाचं बघतेस का?" आणि कान टवकारत. ओट्यावर सांडशी एकदा वाजली तर चहा येणार. दोनदा वाजली तर पाहुण्याला उठवायचं. मग ज्ञानदेवरावांना स्वारगेटला कुणाला तरी आणायला जायचं आठवे. शिवाय यमुनाबाईंच्या पोटातलं सगळं चेहऱ्यावर उमटायचं. भिंत होती म्हणून माणसं टिकली होती.

पण मुलाच्या हट्टापुढे भिंत पडली. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा आला आणि त्यावर तीन दिवे लटकले. त्यांच्याखाली भाजी चिरताना यमुनाबाईंना उगाच नाटकात उभं राहिल्यासारखं वाटे.

पहिल्याच रविवारी श्यामसुंदर जोगळेकर आले. ज्ञानदेवरावांचे ऑफिसातले जुने सोबती. गेले वर्षभर दर रविवारी यायचे आणि दोन तास हलायचे नाहीत. त्या दिवशी नेमका यमुनाबाईंचा गुडघा ठणकत होता.

"अगं, चहाचं बघतेस का?" ज्ञानदेवराव सवयीनं म्हणाले. यमुनाबाईंचा हातही सवयीनंच गेला. खण्, खण्.

श्यामसुंदर शांतपणे उठले. "दोनदा वाजली. निघतो."

"छे हो! म्हणजे, मला जरा स्वारगेटला..."

"माहीत आहे. कुणाला तरी आणायचंय."

यमुनाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि लपायला भिंत नव्हती. "भाऊजी, तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्याकडे आनंदीचा झारा होता, वहिनी. एकदा म्हणजे चहा, दोनदा म्हणजे उठवा." ते चपलेत पाय घालू लागले. "गेल्या वर्षी ती गेली, तेव्हापासून घरात काही वाजत नाही. म्हणून इथे येऊन बसतो. एकदा वाजली तरी बरं वाटतं, दोनदा वाजली तरी."

यमुनाबाईंचे डोळे भरून आले आणि तीन दिव्यांच्या उजेडात ते दोघांनाही लख्ख दिसलं. त्या गुडघा चोळत वळल्या, फ्रीजमधून दूध काढलं, आणि सांडशी ओट्यावर एकदाच, जोरात आपटली.