सदाशिव पेठेचं अनुमोदन

सभेत ठराव कुणीही मांडो, अनुमोदन वैजनाथरावांचंच, असा सदाशिव पेठेत शिरस्ता होता. सूचक ते जन्मात झाले नाहीत. लग्नसुद्धा मुक्ताबाईंनी सुचवलं, यांनी उभं राहून अनुमोदन दिलं.

त्या वर्षी आयटीतली पोरं कर्वेनगरात फ्लॅट घेत सुटली होती आणि मंदाकिनीताईंचा नागरिक मंच भ्रष्टाचाराविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारामागे लागला होता. भर सभेत ताई कळवळून म्हणाल्या, "दिल्लीनं सही कधीच केलीय हो. अडलंय ते फक्त अनुमोदन!"

"एवढंच ना?" वैजनाथराव उठले. "माझं अनुमोदन आहे."

टाळ्या पडल्या. ताईंनी लगोलग कराराच्या परदेशातल्या कचेरीला ईमेल ठोकला : सदाशिव पेठेचं अनुमोदन आहे. सदाशिव पेठ हा देश तिकडे नकाशात कुणाला सापडेना, पण तसं कबूल करायची लाज. उत्तर आलं : करार आपल्या देशात लागू. अभिनंदन.

घरी मुक्ताबाई हापूसची पेटी बांधत होत्या. महापालिकेतले नळजोडाचे साहेब संध्याकाळी यायचे होते आणि पेटीशिवाय त्यांना पाइप दिसत नसे.

"पेटी द्यायची नाही," वैजनाथराव म्हणाले. "आंतरराष्ट्रीय गुन्हा आहे."

"अहो, मग पाणी परदेशातून मागवू? कळशा मी चढवते जिन्यानं, तुम्ही नाही. अनुमोदन मागे घ्या!"

"त्यालाही ठराव लागतो. सूचक लागतो."

"मी आहे की." मुक्ताबाईंनी शेजारीपाजारी जमवले, मंदाकिनीताईही धापा टाकत आल्या. "हे अनुमोदन मागे घ्यावं, असं मी सुचवते."

रिवाजाप्रमाणे सगळे वैजनाथरावांकडे वळले. आयुष्यभराची सवय, जीभ आपोआप उचलली गेली. "माझं अनु..." एवढं निसटलं, आणि त्यांनी झडप घालून पेटीतला अख्खा आंबा तोंडात कोंबला. सालीसकट.

तेवढ्यात साहेब दारात. "पेटी फोडलीत वाटतं?"

"जपून बोला," मंदाकिनीताई म्हणाल्या. "टिळक रोड ओलांडलात, तिथंच तुमचा देश संपला."

"म्म्म्म!" वैजनाथराव डोळे वटारून गुरगुरले.

ही कुठली भाषा ते साहेबांना कळेना. परदेशी वकीलच तो, अशी त्यांची खात्री पटली. बाह्या सरसावून त्यांनी स्वतः पाइप जोडला, तोटी बसवली आणि ते सलाम ठोकून टिळक रोडपर्यंत पळत गेले.

नळाला धो धो पाणी आलं. मुक्ताबाईंनी पहिला तांब्या भरून नवऱ्यापुढे धरला.

"आता ती कोय थुंका, असं मी सुचवते."

वैजनाथरावांनी मानेनंच अनुमोदन दिलं.