गबाळेरावांचे हात

कोकणच्या औद्योगिक प्रबोधनात गबाळेरावांचं स्थान अढळ आहे. ते कासारवेलीच्या शिवलकरांच्या माळ्यावर, टेबलफॅनच्या खोक्यात आहे, आणि तिथून ते ढळलं नाही ते केवळ येसूबाईंना फेकवेना म्हणून.

गबाळेराव म्हणजे हातात घालायची बाहुली. रत्नागिरीला मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कोळंबी गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना आहे, दर्यासारंग मरीन. एक्क्याण्णव साली त्यांचा एक अख्खा कंटेनर परत आला, कारण गोठलेल्या ठोकळ्यात कोळंब्यांच्या मधोमध विडीचं थोटूक निघालं. तेव्हाच्या मॅनेजरांनी ठरवलं, कामगारांना स्वच्छता शिकवायची, आणि ती हसवत शिकवायची. फिल्म काढायची. तीत एक नेटका कामगार आणि एक गबाळा. नेटक्याच्या कामाला रांग लागली. गबाळ्याच्या कामाला कोणी पुढे येईना. कोणाच्या मुलीचं लग्न जमायचं होतं, कोणाच्या बहिणीचं, आणि पडद्यावर नाक पुसून त्याच हाताने कोळंबी सोलणारा सोयरा कोणाला हवाय? शेवटी माणसांचा नाद सोडून बाहुल्या करायचं ठरलं.

आतला हात आणि आवाज दिला स्टोअरकीपर आत्माराम शिवलकरांनी. शिमग्याला गावच्या नमनाच्या खेळात ते संकासुराचं सोंग घ्यायचे. हसं करून घ्यायची त्यांना सवय होती. बाहुल्यांची तोंडं केली गणपती करणाऱ्या भागोजीने, कागदाच्या लगद्याची. भागोजीकडे साचे गणपतीचेच. सोंड वगळून बाकी सगळं त्याने जमेल तसं वापरलं. त्यामुळे गबाळेरावांचे कान सुपाएवढे झाले, आणि कोळंबीच्या टबात शिंकतानासुद्धा त्यांच्या डोळ्यांतून भक्तांना आशीर्वाद मिळत राहिला. शूटिंग करणारा माणूस लग्नांची कॅसेट काढणारा होता. दर सीन बदलताना बदामाचा आकार उघडायचा. गबाळेरावांनी डोकं खाजवलं की बदाम, बदामातून बर्फाची लादी.

फिल्म तुफान चालली. दर नव्या भरतीला दाखवायचे. कोळंबी सोलणाऱ्या बायका घरी जाऊन आवाजासकट सांगायच्या, आणि त्यांच्या मुली शाळेत आत्मारामांच्या मुलीला, नम्रताला, 'ए गबाळे, हात धू' म्हणायच्या. नम्रता तेव्हा दुसरीत होती. ती दिवसातून इतक्यांदा हात धुवायची की बाईंनी एकदा घरी चिठ्ठी पाठवली.

पुढे कॅसेटला बुरशी आली आणि आत्माराम रिटायर झाले. खोकं घरी आलं. दुसऱ्या बाहुलीला, नेटकेरावांना, उंदरांनी संपवलं. गबाळेरावांना त्यांनी तोंड लावलं नाही. आत्मारामांच्या पत्नी येसूबाई म्हणाल्या, गणपतीच्या साच्यातलं तोंड, कचऱ्यात कसं टाकू? त्यांनी गुरवाला विचारलं. गुरव म्हणाला, विडी ओढणाऱ्याचं विसर्जन मी करायचा नाही. प्रश्न माळ्यावर गेला.

नम्रता पुण्याला शिकली, तिथेच एचआरमध्ये लागली, आणि दर्यासारंग मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतल्यावर ट्रेनिंग ऑफिसर होऊन परत रत्नागिरीला आली. मारुती मंदिराजवळ फ्लॅट घेतला. जुनी माणसं बहुतेक घरी बसली होती. ईमेलमध्ये ती 'नम्रता एस.' होती आणि कारखान्यातही सगळे तिला नम्रता मॅडम म्हणत. एस म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायचं नाही हे तर एचआरचं पहिलं तत्त्व.

यंदा स्वच्छता सप्ताहाच्या आधी स्टोअर साफ करताना ती कॅसेट निघाली. मुंबईहून आलेले तिचे साहेब, विनीत, यांनी ती बुरशी साफ करवून पेन ड्राइव्हवर घालून आणली आणि कॉन्फरन्स रूममध्ये लावली. गबाळेरावांचा चष्मा कोळंबीच्या पाण्यात पडला. ठोकळा गोठला. ठोकळ्यातून चष्मा आणि चष्म्यातून एक कोळंबी बाहेर बघू लागली. बदाम.

"अहो, हा माणूस जीनियस आहे!" विनीत डोळे पुसत म्हणाले. "जिवंत आहे का? शोधा त्याला. सप्ताहात लाइव्ह करू."

"शोधते सर," नम्रता म्हणाली. ती सगळ्यांबरोबर हसली होती. आवाज ओळखून हसली होती, आणि हसताना दाराकडे बघितलं होतं, जणू तिकडून कोणी दुसरीतली मुलगी आत येईल.

मग तिने त्यांना शोधलं. आदल्या रविवारीच त्यांच्या पंक्तीला ती बांगड्याचं तिखलं जेवली होती, तरी शोधायला दोन दिवस लावले. ट्रेनिंग हेडची जागा रिकामी होती आणि विनीत तिचं नाव पुढे पाठवणार होते. गबाळेरावांची मुलगी स्वच्छतेची हेड, हे वाक्य कारखान्यात कोणीतरी म्हणणारच, आणि म्हणायला फिल्ममधला आवाजही तयार होता.

आत्माराम व्हरांड्यात सुपारी कातरत बसले होते. तिचं बोलणं संपायच्या आत ते शिडीवर चढले.

"बाबा, गुडघा!"

"गुडघा खाली ठेवलाय गो." माळ्यावरून खोकं आलं. धूळ झटकली. हात आत गेला, आणि गबाळेरावांनी मान वर करून, नाक शिंकरून विचारलं, "काय गो बाय, डबा आणलास?"

येसूबाई स्वयंपाकघरातून हसल्या. नम्रताला हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली. तेवढ्या घाईत ती जे बोलायचं ते बोलून गेली.

"बाबा, तिकडे आपलं नातं नका सांगू. म्हणजे, नवीन लोक आहेत. मग उगाच… वशिला वगैरे म्हणतात."

आत्मारामांनी मान डोलावली. गबाळेरावांनीही डोलावली, हात आतच होता.

"बरोबर आहे," आत्माराम म्हणाले. "मग तुला हाक काय मारू?"

"सगळे मॅडम म्हणतात."

"आणि मी कोण?" येसूबाई दारात आल्या. "मी यायचंय ना? का मी शेजारीण?"

"आई, तू पाहुणी."

"बरी पाहुणी. पोटात होतीस तेव्हा नव्हते मी पाहुणी."

"गप गो तू," आत्माराम म्हणाले. त्यांनी गबाळेरावांना समोर धरलं, दोघांनी कमरेत वाकून म्हटलं, "नमस्कार मॅडम!" आणि मग स्वतःच्या साध्या आवाजात, नीट बसतंय का बघायला, पुन्हा एकदा म्हटलं, "नमस्कार, मॅडम." नीट बसत होतं.

कार्यक्रम कॅन्टीनमध्ये होता. ॲडमिनमधला नितेश आदल्या दिवशी विचारून गेला होता, "मॅडम, बॅनरवर काय काय टाकू?" ती फोनवर होती. "तुझं तू बघ रे," ती म्हणाली. त्याने बघितलं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ती भिंतीकडे पाठ करून माइक तपासत असताना तो मागे स्टुलावर चढून बॅनर बांधत होता, आणि दोरी कमी पडली म्हणून कोणाला तरी शिव्या देत होता.

आत्माराम आणि येसूबाई रिक्षाने आले. आत्मारामांनी जुना कारखान्याचा शर्ट इस्त्री करून घातला होता. गबाळेरावांचा शर्ट त्याच शर्टाच्या जोडीदारातून कापलेला, त्यामुळे दोघं भाऊ दिसत होते. दारातच आत्माराम थांबले. स्टेजकडे बराच वेळ बघत राहिले. मग नम्रताजवळ येऊन हळूच म्हणाले, "बॅनर बघितलास का… बघितलात का, मॅडम?"

"हो हो, छान झालाय," ती न वळता म्हणाली. विनीत समोरून येत होते. "सर, हे आत्माराम. आपले जुने कर्मचारी."

"नमस्कार," आत्माराम विनीतना म्हणाले. "मॅडमनी फार कष्ट घेतले हो मला शोधायला."

विनीतनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा नम्रताकडे, एकदा स्टेजकडे. "हो का?" ते म्हणाले. एवढंच म्हणाले. नम्रताला वाटलं, शर्ट बघून म्हणाले.

नेटकेराव उंदरांनी नेल्यामुळे त्यांचं काम नम्रताला करायचं होतं. टेबलाला चादर लावलेली, चादरीमागे आत्माराम खाली बसलेले, वर गबाळेराव, शेजारी पाण्याचं घमेलं, आणि घमेल्याजवळ माइक घेऊन उभ्या नेटक्या नम्रता मॅडम.

गबाळेरावांनी विडी काढली. "गबाळेराव, विडी टाका!" नम्रता म्हणाली.

"टाकली, मॅडम!"

कॅन्टीन फुटलं. पुढच्या बाकावरच्या सोलणाऱ्या बायका एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. नम्रताला कळेना, यात एवढं काय. गबाळेरावांनी डोकं खाजवलं, तर माफक हशा. त्यांनी कोळंबीत शिंक दिली, तर बरा हशा. पण 'मॅडम' म्हटलं की छप्पर उडत होतं. आणि आत्माराम नट होते. हशा कुठे आहे हे त्यांना डोळे मिटूनही कळलं असतं. तरी हशा घ्यायला ते तिथे थांबले नाहीत. प्रत्येक 'मॅडम' ते होईल तितकं सरळ, होईल तितकं अदबीने म्हणत होते, आणि लोक तितके जास्त हसत होते.

माझ्या बापाला हसतायत, नम्रताच्या मनात आलं, आणि मी माइक धरलाय.

"हात दाखवा, गबाळेराव."

हात आले. कापडाचे, आत बोटं असलेले.

"हे काय हात आहेत? लाज नाही वाटत? या हातांचं अन्न लोकांनी खायचं?" हे फिल्ममधलंच वाक्य होतं. ती ते पाठ करून आली होती. दुसरीपासून पाठ होतं.

हशा जरा कमी झाला. मग गबाळेराव म्हणाले, "चुकलं, मॅडम. हेच हात आहेत आमचे. दुसरे न्हाईत."

हे फिल्ममध्ये नव्हतं.

तिने ते हात घमेल्यात धरले आणि साबण लावला. कापड भिजून बोटांना चिकटलं, आणि तिच्या हातात बाहुलीचे हात न राहता ज्याचे होते त्याचे आले, गार, जाड सांध्यांचे. लहानपणी हात धुऊन धुऊन तिची कातडी सोलली होती तेव्हा याच बोटांनी खोबरेल लावलं होतं. तिने हात धुतले. टाळ्या पडल्या. गबाळेरावांनी ओल्या हाताने सगळ्यांना आशीर्वाद दिला. डोळे तर तयारच होते.

नारळ झाला, शाल झाली. आत्मारामांना बसायला सांगितलं तर ते म्हणाले, नको, रिक्षा थांबलीय. ती त्यांना सोडायला बाहेर गेली. तिथे वॉचमनसुद्धा नव्हता. येसूबाई आधीच आत बसल्या होत्या आणि तिच्याकडे बघत नव्हत्या. आत्मारामांनी भिजलेल्या गबाळेरावांना पिशवीत उभं ठेवलं, तोंड बाहेर, वारा लागावा म्हणून.

"येतो, मॅडम," ते म्हणाले.

"बाबा, इथे कोणी नाही."

"हो का," ते म्हणाले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "असू दे. सवय राहील."

रिक्षा गेली. नम्रता परत आत आली. विनीत आभार मानत होते. ती खाली मान घालून सरळ स्टेजवर चढली, त्यांच्या हातून माइक घेतला. हेडची जागा गेली तर जाऊ दे, असं तिने मनाशी म्हटलं. बऱ्याच वर्षांत तिने मनाशी एवढं मोठं काही म्हटलं नव्हतं.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "आता इथे होते ते आत्माराम शिवलकर… ते माझे वडील आहेत. मी ते लपवलं. मला लाज वाटत होती."

कोणी हसलं नाही. कोणी चकितही झालं नाही. कॅन्टीनमध्ये अशी शांतता पसरली जशी आधीच ऐकलेली बातमी पुन्हा लागल्यावर पसरते. विनीत बुटांकडे बघत होते.

पुढच्या बाकावरची सखू, सोलणाऱ्या बायकांची मुकादम, अंग चोरून उठली. "ठाव हाय वो मॅडम," ती म्हणाली. "सकाळधरनं वाचतोय." आणि तिने हनुवटीने भिंतीकडे दाखवलं.

नम्रता वळली.

नितेशने नावं ऑफिसच्या रेकॉर्डवरून घेतली होती, आपल्याकडे घेतात तशी, पूर्ण. वर होतं: बाहुलीनाट्य, श्री. आत्माराम धोंडू शिवलकर. त्याच्या खाली: सूत्रसंचालन, नम्रता आत्माराम शिवलकर.

बॅनर दहा बाय सहाचा होता.