दोन इंच आत

"टेप ताणलीये. फेकून दे ती!" आमचे हे खेकसले.

दुपारच्या सुट्टीत कारखान्यातच मी त्यांच्या नव्या शर्टाचं माप घेत होते. हे इथले कटिंग मास्तर, मी काज-बटणावर. कंबर मागच्या मापापेक्षा दोन इंच कमी भरली होती. जुनी टेप ताणली की माप कमी दाखवते, हे कुठलाही शिंपी सांगेल. पण ही टेप मी परवाच आणली होती. आधीचीही त्यांनी अशीच फेकायला लावली होती.

"हल्ली टेपासुद्धा धड मिळत नाहीत," म्हणाले आणि त्यांनी घाम पुसला. पंखा डोक्यावर गरगरत होता.

किती महिने हे असंच चाललं होतं. जेवण दुप्पट, अंगाला मात्र काही लागेना. झोप नाही. साध्या बोलण्यावर अंगावर धावून यायचे. आणि हात थरथरायचे. सकाळीच कोटाचं कापड खडूची रेघ सोडून कापलं गेलं. मालक जवळ येऊन त्यांचं तोंड हुंगल्यासारखं करून गेले. या माणसाने उभ्या जन्मात दारूला हात लावलेला नाही. माझा जीव नुसता जळला.

"चला, गळा द्या," मी म्हटलं.

गळा पाऊण इंच जास्त भरला. मी पुन्हा मोजला.

"अहो, टेप ताणली असती तर गळाही कमी भरला असता ना?"

त्यांनी टेप ओढून घेतली आणि स्वतःच गळा मोजला. तेवढाच भरला. मी तशीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाण्याचा घोट गिळायला लावून गळा पाहिला, नाडी पाहिली, रक्त तपासायला दिलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट बघून म्हणाल्या, "थायरॉइड जास्त काम करतंय. गळ्यातली ही ग्रंथी शरीराचा वेग ठरवते. तुमचा वेग फार वाढलाय."

"म्हणजे मशीनचं पायडल दाबलेलंच राहिलंय," मी म्हटलं.

"अगदी तसंच. म्हणून छाती धडधडते, वजन उतरतं, चिडचिड होते. गोळ्या नेमाने घ्या, मधूनमधून रक्त तपासत राहू."

ह्यांनी एकच विचारलं. "हात?"

"थांबेल थरथर. पण वेळ लागेल, मास्तर."

मी मालकांना सगळं समजावून सांगितलं. ते ओशाळले, पण कापड वाया जाणं त्यांनाही परवडणारं नव्हतं. कटिंगच्या टेबलावर नवा मास्तर आला आणि हे माझ्या शेजारी बटणं लावायला बसले. सुईत दोरा जाईना. मी ओवून देत होते. इतक्या वर्षांत मला एवढा थकवा कधी आला नव्हता.

शर्ट तयार झाला तेव्हा त्यांनी तो उलटा करून शिवणीवरून अंगठा फिरवला. मास्तरच ते.

"दोन इंच आत सोडलंस? वेडी की काय! कापायचं नाही का जास्तीचं?"

"भराल की परत अंगाने. तेव्हा उसवून सैल करायला कापड नको?"

त्यांनी शर्टाची घडी घातली. मग उठून कटिंगच्या टेबलाच्या खणातली आपली मोठी कात्री घेऊन आले. ती त्यांनी आजवर कुणाच्या हातात दिली नव्हती, माझ्याही नाही. चिंधीत गुंडाळून त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली.

"घरी ने. तेल लावत जा," म्हणाले. "तोवर गंजायला नको."