रस्त्याकडची जागा

गेवराईत मृत्युंजयच्या सोफ्याच्या दुकानात विमान उभं राहिलं, ही बातमी श्रावणातल्या शिवनाम सप्ताहाच्या आधीच गावभर झाली होती. विमान म्हणजे काय, तर प्लायवूडच्या पाठी ठोकलेल्या, एकामागे एक लावलेल्या दोन खुर्च्या. मागच्या खुर्चीच्या एका अंगाला भिंत, दुसरं अंग मोकळं. त्या मोकळ्या अंगाला खडूनं रेघा मारून मृत्युंजयनं लिहिलं होतं: रस्ता.

हा सगळा खटाटोप त्याच्या आईसाठी होता. उमाबाईंचा डावा गुडघा ओट्यावरून पडल्यापासून अर्ध्यावर अडायचा. पाय लांब केला की सुख, जास्त वेळ दुमडला की सूज. मागे एका लग्नाला जीपमध्ये दाटीवाटीनं गेल्या, आणि अक्षता पडल्या तेव्हा त्या आतल्या खोलीत पायाला शेक घेत पडून होत्या. आता हैदराबादेत लेकीला, रुद्राणीला, मुलगी झाली होती. प्रवास नको म्हणून डॉक्टरांनी तिला माहेरी येऊ दिलं नव्हतं. बाळाच्या गळ्यात इष्टलिंग बांधायचा दिवस ठरला होता. उमाबाईंच्या घराची रीत अशी की लिंग आजोळाहून न्यायचं, आणि महाराज ते बांधतात तेव्हा बाळ आजोळच्या आजीच्या मांडीवर असायचं. रुद्राणीला उमाबाईंच्या आईनं मांडीवर घेतलं होतं. आता यांची पाळी.

गाडीनं जायचं तर दिवस मोडणार आणि गुडघाही. म्हणून संभाजीनगरहून विमान. पण तिकीट काढायच्या आधी मृत्युंजयनं मोबाइलवर पाहिलं की जवळच्या पल्ल्याच्या विमानांत आता नव्या खुर्च्या बसवल्यात. पाठ पातळ, गादी पातळ, आणि पाठ मागं म्हणून जात नाही. वजन कमी, रांगा जास्त. सोफे करण्यात वय गेलेल्या माणसाला हे बघवेना. एवढ्या फोममध्ये आपण उशीसुद्धा करत नाही, असं तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागला.

शेजारचा भांडीवाला उत्तरेश्वर काशीला विमानानं जाऊन आलेला. त्यानं तेल ओतलं.

"उमाक्का, पुढच्याच्या पाठीत गुडघा रुततो बघा. मी तर उतरलो तवा घडी घातलेल्या धोतरावानी झालतो."

"तू कवा सरळ होतास बे?" मृत्युंजय म्हणाला, पण त्याच दुपारी त्यानं करवत हातात घेतली आणि विमान उभं केलं.

रोज दुकान थोडं मोकळं झालं की उमाबाईंना त्या खुर्चीत बसवलं जाई. समोर सोफे दाखवायच्या जागी मृत्युंजय उभा राही आणि विचारी, पाठ दुखती का, कंबर भरली का. पाठीला तो कधी कापूस लावी, कधी काढी. उमाबाई डावा पाय रेघांच्या रस्त्यात लांब करून बसत आणि बरं आहे म्हणत. पण जिवाला चैन नव्हतं. घरी आल्या की लिंगाची डबी उघडून बघत, दोरा नीट आहे ना म्हणून पुन्हा बघत. भाकरी थापताना मधेच थांबून सून मंजुषाला विचारत, की विमानात पाय लांब केला तर कोणी ओरडतं का. मंजुषा म्हणे, न्हाई हो आत्या. थोड्या वेळानं तोच प्रश्न.

शेवटी मृत्युंजयनं तिकीट काढलं आणि मोबाइल आईपुढं धरला. मधोमध रस्ता, अल्याड तीन चौकोन, पल्याड तीन. वरच्या टोकाला विमानाचं नाक.

"ही तुझी जागा, हिरवी. रस्त्याला लागून, सगळ्यात पुढं. राणीवानी बसून जा."

उमाबाईंनी मान हलवली. हिरवा चौकोन त्यांच्या डोळ्यांत राहिला.

सप्ताहाचा शेवटचा दिवस आला. सकाळी देवळात प्रसादाचं कीर्तन. हे कीर्तन उमाबाईंनी आजवर चुकवलेलं नव्हतं. त्यांची जागाही ठरलेली. महाराजांकडं तोंड करून बसलं की उजव्या अर्ध्यात बायका, डाव्यात पुरुष, मधून येण्याजाण्याची वाट. त्या वाटेच्या कडेला उमाबाई. डावा पाय वाटेत लांब, त्यावर पदर, आणि पाठ ताठ. खांबाला टेकून कीर्तन ऐकणाऱ्याला आमच्याकडं 'खांबाचा पाहुणा' म्हणतात, आणि उमाबाईंना तो पाहुणचार कधी मानवला नाही.

यंदा मात्र स्वयंपाकाची चूल उजव्या अंगाला मांडलेली. धूर बायकांवर येईल म्हणून मंडळींनी बाजू बदलल्या आणि बायका डावीकडं आल्या. उमाबाई सवयीनं वाटेच्या कडेलाच बसल्या आणि पाय सोडला, तो थेट साखराबाईच्या मांडीवर. साखराबाई मेंढरं वाडग्यात कोंडून, गडबडीनं अंघोळ उरकून आली होती.

"आवं उमाक्का, माजी मांडी हाय ही," ती हसली. "लांब करा तिकडं वाटंकडं."

पण वाट उजव्या हाताला होती. डाव्या पायाला तिकडं जायला जागा नव्हती. उमाबाईंनी पाय दुमडला. टाळ वाजू लागले, श्रीशैल महाराजांनी पार्वतीच्या तपाचं आख्यान धरलं. देहाला आसन सापडलं तरी मन रानभर हिंडतं, असं महाराज सांगत होते, आणि उमाबाईंचं मन खरंच हिंडत होतं. दुखरा पाय दाबून त्या पुढं बघत होत्या. अल्याड बायका, मधे वाट, पल्याड पुरुष, वर महाराज. हे आपण कुठं पाहिलं? वरच्या टोकाला विमानाचं नाक. मधे रस्ता. हिरवा चौकोन डाव्या अर्ध्यात, रस्त्याला लागून. म्हणजे आत्ता आपण बसलोय तिथंच.

तिथंही रस्ता उजव्याच हाताला येणार. पार्वतीनं पानं खाणंही सोडलं, सभामंडप स्तब्ध झाला, आणि नेमक्या त्या क्षणी उमाबाई काठी टेकत उठल्या. कीर्तनातून, तेही प्रसादाच्या कीर्तनातून, उमाबाई उठल्या म्हटल्यावर बायकांच्या माना वळल्या. साखराबाईनं हात धरून विचारलं, कावून उठलात, चक्कर आली का. त्यांनी हात सोडवून घेतला, महाराजांना दुरून हात जोडले आणि वाटेनं बाहेर पडल्या.

दुकानात मृत्युंजय कोण्या नवऱ्या मुलाच्या बापाला सोफा दाखवत होता. आईला दारात पाहून तो घाबरला. उमाबाईंनी त्याला बाजूला घेतलं आणि जागा उलटी काढलीस म्हणाल्या.

त्याला आधी पटेना. इतकी वर्षं एल आकाराचे सोफे विकतोय, आई, कुठला हात कुठं येतो ते मला झोपेत कळतं, असं तो म्हणाला. आणि तिथंच सगळी गोम होती. सोफा विकणारा माणूस सोफ्यापुढं उभा राहून बघतो. दुकानातही तो आईसमोर उभा राहिला, आणि रस्ता त्याच्या उजव्या हाताला दिसला. मग मोबाइलवर त्यानं उजवीकडं रस्ता असलेला चौकोन निवडला.

"त्यात बस," उमाबाई म्हणाल्या. "मोबाइल नाकाकडून धर. आणि सांग माझा पाय कुठं जातो."

तो बसला. मोबाइल पुढं धरला. डावा पाय सोडून बघितला. भिंतीकडं, रस्त्याकडं, पुन्हा मोबाइलकडं बघितलं. गिऱ्हाईक सोफ्यावर बसून हे बघत होतं. मृत्युंजयच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

मग तो मोबाइलला भिडला. पल्याडच्या बाजूच्या, रस्त्याला लागून असलेल्या जागा एकेक करून बघत गेला, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आधीच बसलेलं. उमाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. बस म्हटलं तरी बसेनात. लाउडस्पीकरवरून पार्वतीची परीक्षा घ्यायला आलेल्या बटूचं बोलणं ऐकू येत होतं, आणि त्यांना ते ऐकू येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढं दुसऱ्याच कोणाच्या तरी मांडीवर बाळ होतं.

"एक हाय," मृत्युंजय शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज पडला. "पार शेवटची रांग. संडासाजवळ. तिथली पाठ भिंतीलाच चिकटलेली असती, काटकोनात. कुणी घेत न्हाई म्हणूनच उरली. माय, तुला कसं बसवू तिथं?"

उमाबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं, जसं लहानपणी पाटी विसरून आल्यावर पाहायच्या.

"मृत्युंजया, मी टेकते कधी? तू पाठीचं करीत बसलास. माझं भांडण पायाशी हाय."

त्यानं जागा बदलली आणि मोबाइल आईपुढं धरला. त्यांनी तो स्वतःच नाकाकडून फिरवला, बोटानं रस्ता शोधला, डावीकडंच आहे ना ते दोनदा पाहिलं.

मृत्युंजयनं स्क्रूड्रायव्हर आणला. मागच्या खुर्चीची कापसाची पाठ खोलून काढली आणि आईला म्हणाला, एकदा बसून बघ. उमाबाई बसल्या. डावा पाय रेघांत सोडला, पदर ओढला, कोपरं अंगाशी घेतली. लिंगाची डबी कमरेच्या पिशवीत आहे का ते चाचपलं.

आता कुठं त्यांना देवळातला आवाज लागला. बटूचं सोंग गळून शंकर उभे राहिले होते, मृदंग चढला होता. कोपरं न हलवता, नुसत्या पंजांनी, उमाबाई टाळी धरू लागल्या. पाठ काढून घेतलेल्या खुर्चीत त्या खांबासारख्या ताठ होत्या.

मंजुषा त्यांना शोधत धावत आली, चला आत्या, पंगत बसेल म्हणाली. मृत्युंजयनं तिला हातानंच थांबवलं. आणि गिऱ्हाइकानं त्या बिनपाठीच्या खुर्चीची किंमत विचारली, तेव्हाही त्यानं तसंच बोट ओठांवर ठेवलं.

"गजर होऊ दे," डोळे न उघडता उमाबाई म्हणाल्या. "मग उठते."