गेल्या वर्षीपेक्षा एक तरी जास्त

मित्रांनो, वीटभट्टीच्या खड्ड्यात कधी उतरलात आणि पायाला काही लाकडी लागले, तर लाथ मारू नका. तो मीच. मी विटेचा साचा आहे, आता जुना झालो आहे. चार फळ्या, दोन मुठी आणि कडांना लोखंड, एवढाच माझा देह. तळ मला कधीच नव्हता. पोट मात्र होते, आणि ते कसे गेले तेच तुम्हाला सांगायचे आहे.

मला सुतारकाकांनी घडवले. भट्टीचे मालक आबा तेव्हा तरुण होते. त्यांनी काकांपुढे आपला भलामोठा पंजा पसरला आणि म्हणाले, "वीट अशी हवी, की माझ्या एका हातात जेमतेम मावली पाहिजे." काकांनी दोरीने त्या पंजाचे माप घेतले आणि त्या मापाने मला ठोकले. पुढे भट्टीवर पुष्कळ साचे आले, पण ते सगळे माझ्यावरून बेतलेले. मूळ साचा मी. त्या काळी मला याचा फार तोरा होता.

थापणारी मावशी मला राखेत घोळवी, चिखलाचा गोळा दाणकन पोटात आपटी, वरून हात फिरवून जादा चिखल काढी आणि मला अलगद उचली. मागे ओली, काळीशार, टोकदार कोपऱ्यांची वीट उरे. भाजून निघाली की तिच्यावर खिळा वाकत असे. गावात लोक घर दाखवताना भिंतीवर थाप मारून सांगत, "आबांची वीट आहे!" ते ऐकले की माझ्या फळ्या उगीचच ताठ होत.

माती भट्टीमागच्या नदीच्या वळणावरून येई. आबा खणत आणि पुराच्या दिवसांत नदी गाळ टाकून तो खड्डा भरून देई. दोघांचे बरे जमले होते.

पण आबांचा एक नियम होता. हंगाम संपला, की त्यातली पहिली भाजलेली वीट कचेरीच्या दाराशी ठेवायची, मागच्या वर्षीच्या विटेवर, चिखलाने चिकटवून. असा वर्षाला एका विटेने तिथे खांब चढत होता. वीट बसवली की आबा सगळ्या कामकऱ्यांसमोर मोठ्याने सांगत, "यंदा गेल्या वर्षीपेक्षा जास्त!" मग टाळ्या. "एक तरी जास्त निघालीच पाहिजे," ते म्हणत. "जी भट्टी वाढली नाही, ती विझली." हा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. नदीला तेवढा कोणी सांगितला नव्हता. ती बिचारी दरवर्षी आपला तेवढाच गाळ आणत राहिली.

मग खड्डा भरेनासा झाला. काठ खणला, काठामागचे शेत खणले, शेतामागची बाग खणली. याच सुमारास भट्टीच्या धगीने आबांचे डोळे गेले आणि कारभार त्यांच्या लेकीकडे आला. सगळे तिला ताई म्हणत. ताई कामाला वाघ होती. बापाच्या शब्दाबाहेर मात्र तिने कधी पाऊल टाकले नव्हते, आणि तिथेच घात झाला.

तिच्या पहिल्याच हंगामात माती कमी पडली. बापाने एवढी वर्षे वाढवलेला आकडा आपल्या हातून खाली येणार, या धास्तीने ती कचेरीचे दार लावून रडली. मग तिने सुतारकाकांना बोलावले आणि मला त्यांच्या पुढ्यात ठेवले.

"काका, याला आतून एक पातळ पट्टी मारा. सगळ्याच साच्यांना मारायची आहे."

काकांनी हातोडा खाली ठेवला. "पोरी, मापात पाप नको गं."

"पाप कसलं? गिऱ्हाईक विटा मोजून घेतं, मोजपट्टी लावून कुठे बघतं? आबांना काय सांगू मी? भट्टी विझली म्हणून?"

काकांनी मान खाली घातली आणि खिळे मारले. मला दुखले, मित्रांनो. लाकडाला दुखत नाही असे ज्याने सांगितले, त्याच्या अंगात कोणी खिळा मारला नसणार.

त्या वर्षी माती कमी होती आणि विटा जास्त निघाल्या. टाळ्या वाजल्या. आबा खुर्चीत बसून आंधळ्या डोळ्यांनी हसत होते. "माझ्यापेक्षा सवाई निघालीस गं!" ते म्हणाले.

मग ती वाटच पडली. दर दोन वर्षांनी आत नवी पट्टी आणि खालून रंधा. दाराशी खांब चढत होता आणि वर वर निमुळता होत होता. शहरातून सूट घातलेले पाहुणे येत आणि विचारत, "काय डौलदार आहे हो! मुद्दाम असा बांधलात का?" ताई नुसती हसे. मावशीला हसू आवरत नसे. एकदा ती मला राखेत घोळवताना म्हणाली, "ताई, असंच चालू दे. पुढच्या वर्षी साबणाच्या वड्या पाडू."

मावशी नुसती थट्टाच करत नव्हती. तिने एकदा सुचवलेही होते, "गावात जुनी घरं पाडतायत. त्यांतल्या आपल्याच विटा आहेत, दगडासारख्या. साफ करून परत विकू. माती तरी वाचेल."

"त्या एकदा मोजून झाल्यात, मावशी," ताई म्हणाली. "परत कशा मोजणार?"

शेवटी अशी वेळ आली, की चांगली माती फक्त एकाच ठिकाणी उरली. आबांच्या घराखाली आणि अंगणात. शहरात नवी वसाहत उठत होती आणि तिथे विटांची मागणी मोठी होती. ताईला आबांना विचारल्याशिवाय अंगणाला कुदळ लावता येईना. तिने विचारले. आबा म्हणाले, "आधी मला खांबापाशी ने."

आबांनी खांबाच्या पायथ्याशी हात ठेवला. ती वीट त्यांच्या पंजात जेमतेम मावली. मग हात वर सरकू लागला, एकेका विटेवर थांबत. बोटे हळूहळू आत वळू लागली. शेवटच्या विटेपाशी तर मूठच मिटली, आणि वीट मुठीत बुडाली. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. वाटले, आता म्हातारा गरजणार, आता माझ्या पट्ट्या निघणार!

"आकडा?" आबांनी विचारले.

"जास्त आहे, आबा."

आबा मूठ सोडून म्हणाले, "मग खणा अंगण."

पुढे काय झाले ते सांगायला शहाणा कशाला हवा? अंगण गेले. घराला तडा गेला आणि पहिल्याच मोठ्या पावसात ते मागच्या बाजूने खड्ड्यात बसले. भट्टी विझली. मला कोणीतरी इथे भिरकावले.

बापलेक आता त्या नव्या वसाहतीत राहतात. मावशी जळण वेचायला इथे आली होती, आपल्याशीच बडबडत होती, तेव्हा कळले. तिथल्या भिंती माझ्याच पोटातल्या आहेत. शेजारी खोकला की आबा दचकून विचारतात, "घरात कोण आलं?" ताई म्हणते, "कोणी नाही, भिंतीपलीकडचे आहेत." एकदा आबांनी विचारले, "या विटा कुणाच्या गं?" ताई चहा टाकायला उठून गेली.

मित्रांनो, मला जपा, काचेच्या कपाटात ठेवा, असे मी म्हणणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो तुमच्यावरही आहे, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांत तुमचेही आजोबा होते. उद्या कोणी वाढ झाली म्हणून टाळी मागितली, तर आधी मागचा खड्डा बघून या. वीट हातात धरून बघा.

आणि थंडीत शेकायला लाकूड नसेल, तर मला खुशाल जाळा. फक्त त्याआधी माझ्या आतल्या पट्ट्या काढा. रंध्याने तासले गेले ते काही परत यायचे नाही. पण आबांच्या पंजाएवढे माझे पोट होते, ते मला एकदा रिकामे का होईना, बघू द्या.