आत्याच्या तळहाताखाली

मी सबवूफर बोलतोय. बोलतोय म्हणणंही तसं धाडसाचंच, कारण मला शब्द येत नाहीत. घरच्या थिएटरच्या संचात माझे पाच भाऊ असतात. दोघं टीव्हीच्या दोन बाजूंना, एक मधोमध आणि दोघं बसणाऱ्यांच्या पाठीमागे. हसणं, भांडणं, गाणी, पाखरांची किलबिल, सगळं त्यांच्याकडे. माझ्या वाट्याला फक्त तळाचा आवाज येतो. ढगांचा, इंजिनाचा, लांब कुठेतरी कोसळणाऱ्या दरडीचा. कानाला कळायच्या आधी छातीत जाणवतो ना, तो आवाज माझा.

माझं अंग दाबलेल्या भुशाच्या जाड फळ्यांचं. कारखान्यात माझ्या पोटात ताटाएवढा कागदी पडदा बसवला, त्याच्या कडेनं रबराची वळी लावली आणि मागे जड लोहचुंबक. पहिल्यांदा वीज सोडली तेव्हा तो पडदा जरासा हलला, आणि तपासणाऱ्या बाईंच्या कपातला चहा थरथरला. "हा चांगलाय," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. मी मात्र त्या चहाकडेच बघत राहिलो. आपण इथे हललो आणि तिकडे, हात न लावता, दुसरं काहीतरी हललं. या नवलातून मी आजही पुरता बाहेर आलेलो नाही.

मला विकत घेतलं ते क्रेन चालवणाऱ्या एका गृहस्थांनी. माणूस सिनेमाचा भारी वेडा. घरात त्यांची बायको, ती नर्स. मुलगी इमारतींमध्ये विजेच्या तारा टाकायची कामं करायची. आणि त्यांची थोरली बहीण. मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणतो. आत्या लोकांचे कपडे शिवायची. लहानपणी मोठा ताप आला आणि तिचं ऐकणं गेलं. बोलणं त्याआधीच शिकलेली, म्हणून ती बोलायची, एकाच सुरात आणि जरा मोठ्यानं. समोरच्याचे ओठ बघून त्याचं म्हणणं समजून घ्यायची.

टीव्ही लागला की आत्या आतल्या खोलीत शिवणयंत्रावर जाऊन बसे. पूर्वी तिला कुणीतरी हाक मारायला जायचं. मग कधीतरी ते थांबलं. कुणी ठरवून थांबवलं नव्हतं.

संच लावायचा दिवस सुट्टीचा होता. मुलीनं तारा भिंतीच्या कडेनं नेल्या, मागच्या दोघा भावांना बसणाऱ्याच्या कानाच्या थोडं वर टांगलं. वडील मोजपट्टी घेऊन तिच्या मागे मागे.

"अहो, तुम्ही जरा बाजूला व्हा. दरवेळी तिच्या पायात येताय," बायको म्हणाली.

शेवटी मी उरलो. "याला टीव्हीच्या कडेला ठेवू, शोभेल," वडील म्हणाले.

"बाबा, हा शोभेला नाही आणलाय. हा आधी सोफ्यावर बसणार."

"आणि आम्ही?"

"आपण रांगायचं."

मला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. पण तिनं समजावून सांगितलं. माझा आवाज खोलीत कुठे साचतो, कुठे विरून जातो, ते नुसतं बघून कळत नाही. म्हणून आपण बसतो तिथे मला बसवायचं, एक संथ घुमणारा सूर लावायचा आणि कान जमिनीलगत ठेवून खोलीभर फिरायचं. जिथे तो सूर भरीव लागेल, ती माझी जागा.

मग काय, नव्या जावयासारखा मी सोफ्यावर, आणि कर्तीसवरती तीन माणसं माझ्यासमोर चौपायी. वडिलांचे गुडघे कुरकुरत होते. टेबलाखाली नवरा-बायकोची टक्कर झाली. एका न दिसणाऱ्या गोष्टीसाठी माणसं अशी जमिनीवर येतात, हे बघून मी थक्क झालो.

तेवढ्यात आत्या दारात आली. गळ्यात टेप, ओठांत टाचणी. तिचा भाऊ कपाटाशी कान लावून ओणवा झालेला. तिनं टाचणी काढली.

"काय हरवलं?"

सगळे हसायला लागले. मुलीनं तिच्याकडे तोंड करून सगळं सांगितलं.

"तरीच," आत्या म्हणाली. "मी यंत्र थांबवलं, तरी तळपायात येतच होतं. मला वाटलं शेजारी भिंत पाडतायत."

आणि कपडे सावरून तीही खाली बसली. कान नाही लावला तिनं. तळहात टेकवत टेकवत निघाली. फरशीवर थोडं थांबायची, मान हलवायची, पुढे जायची. खिडकीपाशी कोपऱ्यात लाकडी दिवाण होता. त्याच्यावर हात ठेवला आणि तो तिनं उचललाच नाही.

"इथे लाकडात सगळं येतंय."

"तिथे नको," भाऊ मुलीला म्हणाला. "कोपऱ्यात हा नुसता घुमेल. बोलणं झाकून जाईल." त्याचंही खरंच होतं. कोपरा मिळाला की मी बेताल होतो.

मुलगी क्षणभर दोघांकडे बघत राहिली. मग तिनं दिवाणाचं एक टोक धरलं. "याला कशाला तिकडे न्यायचं? दिवाणच इकडे आणू."

दिवाण सोफ्याच्या रांगेत आला. मला त्याच्या पायाला टेकवून ठेवलं.

"आत्या, तू इथे बसायचंस."

"मी? छे. उद्या झगा द्यायचाय."

"उद्या सकाळी शिव. आज बस," भाऊ तिच्या पाठीमागून म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. तो उठून तिच्या समोर गेला. "ताई, बस ना."

ती बसली. दिवे मालवले. आत्यानं एक हात दिवाणावर ठेवला आणि दुसरा सहज माझ्या पाठीवर. सुईनं टोचून टोचून खरबरीत झालेली बोटं. मी पहिल्यांदाच कुणाशी तरी एवढ्या जवळून बोलत होतो.

टीव्हीवर जड दार लागलं, तिची बोटं दचकली. घोडे दिसायच्या आधी ती म्हणाली, "बरेच जण येतायत." बाकीचे सिनेमा सोडून तिच्याकडेच बघायला लागले. मग डोंगरातून एक आगगाडी आली. तिचा हात माझ्यावर घट्ट दाबला गेला.

"थांबवा जरा."

मुलीनं चित्र थांबवलं.

"जुन्या घरामागून एक जायची," आत्या भावाला म्हणाली. "झाडीपलीकडून. दिसायची नाही, लांबून नुसता आवाज. तू रांगत होतास तेव्हा. तुला कडेवर घेऊन मी खिडकीत उभी राहायचे. आवाज आला की तू टाळ्या पिटायचास. मग ताप आला. उठून फिरायला लागल्यावर मी रोज तुला घेऊन खिडकीत जायचे. जवळचं बोलणं अजून पुसट कळायचं, पण लांबून काही यायचं नाही. मला वाटलं, गाड्याच बंद झाल्या. एक दिवस तू एकदम टाळ्या पिटल्यास. तेव्हा मला कळलं."



"हे तू कधी बोलली नाहीस," भाऊ म्हणाला.

"कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. रागानं नाही, आहे ते सांगावं तसं.

भावानं मुलीच्या हातातून रिमोट घेतला. ती आगगाडी मागे नेली आणि पुन्हा सोडली. मी जीव ओतून धडधडलो. मला तेवढंच येतं, पण त्या संध्याकाळी तेवढंच हवं होतं.

पुढे खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई तक्रार घेऊन आल्या. त्यांच्या कपाटातल्या बरण्या नाचत होत्या. भावानं ओशाळून मला बंद केलं. आत्यानं त्यांचा हात धरून त्यांना दिवाणावर बसवलं. तेव्हापासून मुलगी माझ्याखाली जाड रबर घालते आणि बाई सिनेमाच्या दिवशी वर येतात.

आता मी म्हातारा झालोय. बारीक पट्टीसारखा नवा संच आल्यावर माझे भाऊ एका शाळेच्या सभागृहात गेले. मला कुणी हलवलं नाही. माझ्या रबराला चिरा पडल्यात, पडदा कडेनं फाटतोय, आणि दुरुस्तीवाला म्हणतो, असले भाग आता मिळत नाहीत. आवाज मोठा झाला की मी फडफडतो. ते आत्याला सगळ्यांच्या आधी कळतं. ती माझ्यावर दोनदा थोपटते आणि भाचीला आवाज कमी करायला सांगते.

तुम्ही घरी असा संच आणाल, तेव्हा हौसेनं आणा आणि नीट लावा. फक्त त्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा की त्याला काय ऐकू येतं, आणि काय ऐकावंसं वाटतं. उत्तर ऐकून थक्क व्हाल. मी तर अजून थक्कच आहे.